लोखंड न लागलेले पाय

पावसानं त्या दिवशीही डोंगरावरच बैठक मारली होती. बेटावरच्या या ओमोआच्या खोऱ्यात तो असाच वागतो. खाली यायचं की नाही हे ठरवायला अर्धा दिवस घेतो, आणि एकदा ठरलं की पाच मिनिटांत सगळ्यांची पाठ भिजवून समुद्राकडं निघून जातो. आपेकुआ पहाटेपासून एक डोळा ढगावर आणि एक डोळा खोबऱ्यावर ठेवून होती. मांडवावर दोन दिवसांचं खोबरं पसरलेलं. त्यावरचं पत्र्याचं छप्पर रुळांवरून मागं ढकलायचं, ऊन पडलं की वाट्या पालथ्या करायच्या, ढग खाली सरकला की छप्पर पुन्हा ओढून घ्यायचं. चौथ्यांदा छप्पर ओढल्यावर तिनं ढगाला एक ठेवणीतली शिवी हासडली, हात कमरेला गुंडाळलेल्या पारेओला पुसले आणि शेडमधल्या तिकीपुढं, पूर्वजाच्या लाकडी मूर्तीपुढं, जाऊन बसली.

तो अजून तिकी झाला नव्हता म्हणा. हातभर उंचीचा मिरोचा ओंडका होता. वरच्या तिसऱ्या हिश्श्यात डोकं, हनुवटीखाली करवतीची खोल खाच, पोटावर जरा उठून आलेले दोन पंजे, आणि कमरेखाली नुसतं लाकूड. पाय अजून आतच होते.

आठ दिवसांनी तिच्या बापाच्या वर्षाची मिसा होती.

बाप पाहुआ हा खोऱ्यातला नावाजलेला कारागीर. मेला तेव्हा त्याच्यामागं राहिलं ते एक गळकं घर, एक लंगडा घोडा आणि एक बोचकं. बोचक्यात एक वाकस, सात गोल पटाश्या, दोन सरळ पटाश्या आणि एक मोगरी. पटाश्या त्यानं जीपच्या तुटलेल्या पाट्यापासून स्वतः ठोकून काढलेल्या. वाकसाच्या दांड्यावर त्याच्या अंगठ्यानं एवढा खोल खळगा पाडलेला की त्यात पावसाचं पाणी साचलं तर चिमणीनं प्यावं.

या हत्यारांना धार लावली होती ती आपेकुआनं. आठव्या वर्षापासून. बाप न बघता हात मागं करायचा, ती त्याच्या हातात धारेची पटाशी ठेवायची आणि बोथट झालेली घेऊन दगडापाशी जाऊन बसायची. कापायची मात्र सोय नव्हती. बारा वर्षांची असताना तिनं चोरून करवंटीवर एक मासा कोरला होता. बापानं तो उलटसुलट करून बघितला, "माशाला हसू आलंय बघ," म्हणाला, आणि पटाशी उचलून वर आढ्याला खोचून ठेवली. रागावला नाही. रागवायचं कारणच नव्हतं. बाईनं सालीला हात लावावा, पुरुषानं लाकडाला, ही इथली रीत म्हणजे भरती-ओहोटीसारखी. तिच्यावर कोण रागावतं? मग आपेकुआ बायकांत जाऊन बसली, तुतीची साल शिंपल्यानं खरवडायला आणि लाकडी ठोकणीनं ठोकून तिचा तापा, म्हणजे सालीचं कापड, करायला शिकली. तीस वर्षं ठोकलं. नवरा रस्त्याच्या कामावर दुसऱ्या बेटावर गेला तो तिकडचाच झाला, तेव्हाही ती ठोकतच होती. शेजारची नोएला म्हणते, त्या आठवड्यात आपेकुआनं ठोकलेला तापा एवढा पातळ आला होता की त्यातून पलीकडचं गाव दिसायचं.

बापाला मातीत ठेवल्यावर जेवणं झाली, तेव्हा तिचा काका तिमाऊ उठून उभा राहिला. पाहुआ गेल्यावर आता खोऱ्यातला थोरला कारागीर तोच. तो म्हणाला, "हत्यारं वर्षभर या घरातच असू द्या. वर्षाच्या मिसेला या घरातल्या कुणी आपल्या हातचा तिकी टेबलावर उभा केला, तर हत्यारं या घरात राहतील. नाहीतर हेइता घेऊन जाईल."

हेइता हा तिमाऊचाच मुलगा. या घरातला पुरुष म्हणजे आपेकुआचा भाऊ जोझेफ, आणि त्यानं दूरच्या पापेएते शहरातून फोनवरच हात झटकले होते: "मला इथं ट्रकचं चाक फिरवायला आहे. द्या हेइताला."

"या घरात मी आहे," आपेकुआ म्हणाली.

आधी कुणाला कळलंच नाही. मग नोएलाला हसू फुटलं, आणि तिचं बघून सगळ्यांना.

"अक्का," हेइता डोळे पुसत म्हणाला, "पटाशी म्हणजे काय कालथा आहे का?"

"कालथ्यानं तरी तुला काय येतं ते दाखव," आपेकुआ म्हणाली. पण ते हसण्यात बुडालं.

हेइता वाईट माणूस नव्हता. पण त्याच्याकडं विजेचा ग्राइंडर होता आणि त्याचं सगळं प्रेम त्या ग्राइंडरवर. एकदा त्यानं पाहुआची एक पटाशी उसनी नेली होती. परत आणली तेव्हा तिची धार निळी पडलेली. पोलाद तापून निळं पडलं म्हणजे मेलं. म्हाताऱ्यानं ती मुलीपुढं सरकवली, आणि आपेकुआनं ती दगडावर उतरवत उतरवत तीन दिवसांत जिवंत पोलादापर्यंत आणली. आता सगळी दहाच्या दहा त्या ग्राइंडरच्या तोंडी जायची.

दुसऱ्या दिवशी ती तिमाऊकडं गेली. "काका, शिकवा."

"बाईला मी शिकवत नाही," तिमाऊ म्हणाला. मग तंबाखू वळत वळत म्हणाला, "माझ्या शेडला भिंती नाहीत. कुणी बाहेर बसून काय बघावं ह्याला मी काय करणार?"

तेवढं पुरे होतं. आपेकुआनं आपली सालीची पाटी उचलली आणि ओढ्याच्या अलीकडं, तिमाऊच्या शेडसमोर बसून साल खरवडायला लागली. हात सालीवर, नजर पलीकडं. तिमाऊ आधी ओंडक्याच्या मधोमध कोळशाची रेघ ओढतो. मग उंचीचे तीन भाग. त्यातला एक अख्खा भाग डोक्याला, कारण माणसाचं जे काही असतं ते डोक्यातच असतं. हनुवटी, कंबर आणि गुडघ्याशी करवतीची खाच घेतो, म्हणजे पटाशी घसरली तरी खाचेपाशी थांबते. कधी वरून मारतो, कधी खालून. लाकडाचा रेषा उठायला लागला की लगेच बाजू बदलतो. हे सगळं ती घरी येऊन करून बघायची.

पहिल्या तिकीची हनुवटी उडाली. दुसऱ्याचं नाक गेलं, ते सारखं करता करता ओठ गेले, आणि गाल खरडून खरडून चेहरा असा निमुळता झाला की नोएला म्हणाली, "अगं, हा तर आपला फादर दिसतोय. उपास सुटला नाही वाटतं अजून." तिसरा बरा झाला होता, पण लाकूड ओलं होतं, आठवड्याभरात डोक्यापासून बेंबीपर्यंत उभा तडकला. आपेकुआनं तिघांनाही चुलीत घातलं आणि त्यांच्यावर नीरफणस भाजला.

"जेवण बाकी झकास झालं हं," नोएला म्हणाली. "फादरची चव लागतेय."

पण एक गोष्ट कुणाच्या ध्यानात आली नव्हती, ती पलीकडं पाठमोऱ्या बसलेल्या तिमाऊच्या नुसत्या आवाजावरून आली. तीस वर्षं साल ठोकलेल्या हाताचा घाव एकासारखा एक पडतो. कमी नाही, जास्त नाही. एकदा ओढ्यावर पाणी भरताना तो तिच्याकडं न बघताच म्हणाला, "ठोका बरा आहे," आणि घागर घेऊन चालता झाला. आपेकुआ त्या तीन शब्दांच्या वाक्यावर दोन महिने जगली.

चौथा ओंडका तिनं बापाच्या आढ्यावरून काढला. त्यानं तोडून ठेवलेला, चार वर्षं वाळलेला, काळपट लाल मिरो. तसला तो एकच उरला होता.

आणि आज ती त्याच्यापुढं बसली होती. ढग खाली उतरत होता, वाऱ्याला ओल होती, आणि तिचा कान छपरावर होता. पहिला थेंब पत्र्यावर वाजला तर खोबऱ्याच्या कडेची फट झाकायला धावायचं होतं. हातात सगळ्यात लहान गोल पटाशी. डोकं खोबऱ्याकडं, हात लाकडावर. आणि हाताला मोकळं सोडलं की हात आपल्या सवयीनं जातो. तापा रंगवताना बाई आधी डोळा काढते. डोळ्यापासून नक्षी वाढते, डोळा नसेल तर पुढची रेघ कुठून निघणार? तीस वर्षं त्या हातानं आधी डोळाच काढला होता. त्यानं आजही तेच केलं.

आपेकुआ भानावर आली तेव्हा डावा डोळा पुरा गोल उघडला होता. पापणीची कडा, आतला फुगवटा, सगळं. उजवा अर्ध्यावर.



या खोऱ्यात चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं: तिकीचे डोळे सगळ्यात शेवटी. बोटं, पाय, पाठीवरची नक्षी, सगळं होईस्तोवर त्याला आंधळाच ठेवायचा. एकदा डोळे उघडले की तो बघतो, आणि बघणाऱ्याच्या अंगाला लोखंड लावायचं नाही. तिमाऊच्या आजोबांनी म्हणे डोळे उघडल्यावर तिकीच्या पायाच्या अंगठ्याचं एक नख तेवढं सारखं केलं होतं. पंधरा दिवसांत त्यांचा स्वतःचा अंगठा होडी आणि धक्क्याच्या मध्ये सापडला. गोष्ट खरी असो नसो, ती ऐकून आपल्या पायांकडं न बघणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

आपेकुआनं पटाशी खाली ठेवली. मग पुन्हा उचलली. एक डोळा उघडा आणि एक अर्धा मिटलेला, म्हणजे बापाच्या वर्षाला टेबलावर उभं राहून पाहुण्यांना डोळा मारणारा तिकी. ते काही तिला बघवलं नसतं. तिनं शांतपणे उजवा डोळाही पुरा केला.

नेमका तेवढ्यात हेइता खांद्यावर केळीचा घड घेऊन वाटेनं चालला होता. शेडपाशी आला आणि थबकला.

"अक्का, हा माझ्याकडं बघतोय."

"बघू दे. फुकट आहे."

"आणि पाय कुठं आहेत त्याचे?"

हेइतानं घड खाली ठेवला. त्याच्या तोंडावर हसू यायला हवं होतं, पण आलं नाही. तोही याच खोऱ्यातला. त्यानं ओढ्यापलीकडं तोंड करून बापाला हाक मारली.

तिमाऊ कॉफीचा वाडगा हातात घेऊनच आला. तिकीपुढं उकिडवा बसला. दोघं एकमेकांकडं बराच वेळ बघत राहिले, तो आणि तिकी.

"डोळे चांगले काढलेस," तो म्हणाला. मग उरलेली कॉफी पिऊन वाडगा पालथा केला. "आता याला लोखंड लागायचं नाही."

"बुजवते मी ते. लाकडाचा भुसा नि डिंक—"

"उघडलेल्याला आंधळा करणार तू?"

"मग दुसरा करते."

"वाळलेलं लाकूड आहे?"

नव्हतं. ते तिघांनाही ठाऊक होतं.

हेइता घड उचलत हळू आवाजात म्हणाला, "सोड ना, अक्का. खरंच सांगतो, तुझ्यासारखा तापा या बेटावर कोण करत नाही. ज्याचं त्याला शोभतं. हत्यारं माझ्याकडं आली तरी काय, वाटेल तेव्हा येऊन बघ."

हसला असता तर तिला परवडलं असतं. ही माया मात्र तिला झोंबली. येऊन बघ म्हणे. आठव्या वर्षापासून ती बघतच होती.

"काका," ती म्हणाली, "लोखंड लावायचं नाही, एवढंच ना?"

"एवढंच."

"आपल्या पणज्याच्या पणज्याकडं लोखंड कुठं होतं? गोऱ्यांच्या गलबतातून खिळे उतरायच्या आधी इथं तिकी होत नव्हते का? ते वर जुन्या देवळाच्या जोत्यावर दगडाचे उभे आहेत, ते कुणी केले? ग्राइंडरनं?"

"तोंड सांभाळ," तिमाऊ म्हणाला, पण सवयीनं म्हणाला. तो विचारात पडला होता. सत्तर वर्षांत हा प्रश्न त्याला कुणी विचारला नव्हता, कारण ज्यांच्या हातात लोखंड होतं त्यांना तो पडायचं कारणच नव्हतं.

"मला माझ्या बापानं लोखंडाचं सांगितलं," तो अखेर म्हणाला. "शिंपल्याबद्दल काही सांगितलेलं नाही."

"मिरोला शिंपला?" हेइता म्हणाला. "सात दिवसांत? सात वर्षांत पाय निघायचे नाहीत."

"तुला केळी घेऊन जायची होती ना?" आपेकुआ म्हणाली. "मग जा की. पिकून जातील."

शिंपला तिच्या सालीच्या पाटीतच होता. हाताएवढा, कडा घासून घासून धारदार झालेला, तिच्या आईचा. तिनं संध्याकाळपर्यंत त्यानं मिरो खरवडला. हेइताचं खरं होतं. वाटीभर भुसाही निघाला नाही, बोटांना मात्र फोड आले. नोएला ठोकणी घेऊन आली, मैत्रिणीची दशा बघितली आणि शेजारी बसली.

"एवढं घट्ट लाकूड कशानं मऊ पडतं?" आपेकुआनं विचारलं.

"नवऱ्यासारखंच," नोएला म्हणाली. "जाळल्याशिवाय नाही."

आपेकुआ उठून चुलीकडं गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस नव्हता, आणि साऱ्या वाडीनं धूर पाहिला. आपेकुआनं तिकी आडवा टाकला होता. डोक्यापासून पोटापर्यंत त्याला ओल्या तापाचे पाच वेढे दिलेले, मढं गुंडाळावं तसे; फक्त पाय जिथं असायला हवेत तेवढं लाकूड उघडं. दोन पायांच्या मधल्या जागी करवंटीचा लाल निखारा ठेवायचा, बांबूच्या फुंकणीनं फुंकायचा, लाकूड बोटभर जळलं की निखारा झटकायचा, शिंपल्यानं कोळसा खरवडायचा, पुन्हा निखारा. नोएला ओला चिंधा घेऊन पहारा करत बसली. जाळ भलतीकडं सरकला की चर्रकन पाणी.

बघायला माणसं जमली. इथं बोट येईस्तोवर करमणुकीला दुसरं असतं काय?

"आपेकुआ, भाजतेस का उकडतेस?"

"मीठ घातलंस का गं?"

"नीरफणसाची पोपोई आणू का तोंडी लावायला?"

"आणा की," आपेकुआ फुंकणीतून तोंड काढून म्हणाली. "येताना हात धुवून या. नुसतं बघणाऱ्याला इथं जेवण नाही."

तीन दिवसांत मांड्या सुटल्या. चौथ्या दिवशी गुडघे. गुडघ्याशी नोएलाला शिंक आली, पाणी चुकलं, आणि निखाऱ्यानं डाव्या गुडघ्याचा चांगला घास घेतला. कोळसा खरवडून बघितलं तर डावा गुडघा उजव्याच्या निम्मा.

"माझं मेलीचं नाक," नोएला म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि ते धुराचं नव्हतं.

"असू दे," आपेकुआ म्हणाली. "उभा राहिला म्हणजे झालं."

पाचव्या दिवशी डुकराच्या सुळ्यानं बोटांच्या रेघा. सहाव्या दिवशी पोवळ्याची पूड आणि पाणी, मग शार्कचं वाळकं कातडं, मग नीरफणसाच्या कोंबाचं वाळलेलं वेष्टन. ते बोटाला लावलं तर मऊ वाटतं पण लाकडाला काचेसारखं घासतं. पॉलिश पेपर तिनं घेतला नाही. त्यात लोखंड नसतं हे तिला ठाऊक होतं, पण हेइतानं तोंड उघडायला तेवढीही फट ठेवायची तिची इच्छा नव्हती. शेवटी जंगली अक्रोड चावून, फडक्यात बांधून त्याचं तेल अंगभर चोळलं. तोंड कडू झालं. लाकूड आधी प्यालं, मग चमकलं. डोक्याचा रंग गूळ पातळ केल्यासारखा आणि पायांच्या मधला भाग काळाभोर, कारण तिथला शेवटचा कोळसा तिनं काढलाच नव्हता. तेल पिऊन तो काळा दगड झाला होता.

मिसा झाली. फादरनं पाहुआचं नाव तीनदा घेतलं आणि एकदा चुकवलं. मग सगळे आपेकुआच्या अंगणात आले. भट्टीतून डुक्कर निघालं, नारळाच्या दुधातलं बकरं आलं, पोपोईचे वाडगे फिरले. टेबलाच्या एका टोकाला हत्यारांचं बोचकं. हेइतानं आपला तिकी आणून ठेवला. गुळगुळीत, रेषा कशा सरळ, दोन्ही गुडघे जुळ्या भावांसारखे. नुकत्याच न्हालेल्या पोरासारखा चकचकीत. लोक वा वा म्हणाले, आणि ते खोटं नव्हतं. मग आपेकुआनं आपला ठेवला. तो सगळ्यांकडं बघत होता.

तिमाऊनं तो उचलला. अंगठा पायांच्या मधून फिरवला, तेलकट काळं अंगठ्याला लागतं का बघितलं. लागलं नाही.

"हा गुडघा बारीक आहे."

"आहे," आपेकुआ म्हणाली.

"कसा झाला?"

"जळला. माझ्या हातानं."

नोएलानं तोंड उघडलं होतं ते मिटलं.

हेइता घसा खाकरून उभा राहिला. "अक्कानं कमाल केली, मी आधी बोलतो. पण एक विचारू का? हा शिंपल्यानं झाला, विस्तवानं झाला. लोखंड न लावता झाला. मग लोखंड हिला पाहिजेच कशाला?"

अंगणात हशा पिकला. मुद्दा बिनतोड होता. म्हातारी माणसंही मान हलवत होती. आपेकुआ उठली, बोचकं स्वतःकडं ओढलं आणि गाठ सोडली. दहा पाती उन्हात चमकली. वर्षभर राबलेली हत्यारं, पण एकावरही गंजाचा ठिपका नव्हता.

"या पटाश्यांनीच डोकं झालंय याचं," ती म्हणाली. "आणि ऐक, हेइता. तुझ्या बापानं सांगितलं म्हणून मी वर्षभर हात जाळून घेतले. ज्याच्या हातात दांडा बसतो त्याला कुणी कधी विचारलं का, तुला हत्यार कशाला पाहिजे म्हणून? तुला विचारलं? जोझेफला विचारलं? त्याला तर फोनवर नको नको म्हणेपर्यंत देत होतात तुम्ही. मला पाहिजेत, कारण चुकायचं असेल तर मला यांनीच चुकायचंय. पाचवा, सहावा, सातवा. चुलीत घालेन नि पुन्हा करेन. आणि तुम्ही नाही म्हणालात तर शिंपल्यानं करेन. थांबणार नाही, एवढं सांगून ठेवते."

एक म्हातारा डुकराची हाडं कुत्र्याला टाकायची विसरून हातातच धरून बसला.

तिमाऊ मुलाकडं बघत नव्हता, पुतणीकडंही नाही. टेबलाकडं बघत होता.

"मी काय म्हणालो होतो?" त्यानं विचारलं. "कशानं केला पाहिजे, असं म्हणालो होतो?"

उत्तरही त्यानंच दिलं.

"या घरातल्या कुणी आपल्या हातचा तिकी टेबलावर उभा केला तर, असं म्हणालो होतो. उभा आहे का, तेवढं बघायचं."

आणि त्यानं मूठ वळून टेबलावर हाणली.

वाडगे उडाले. हेइताचा तिकी जागचा हलला नाही. सरळ पायांचाच तो. आपेकुआचा डाव्या अंगाला कलला, बारीक गुडघ्यावर लटपटला, अर्धा फिरला, आणि हेइताकडं तोंड करून उभा राहिला.

"बघतोय गं माझ्याकडं," हेइता पुटपुटला, आणि पहिला हसला तो तोच.

तिमाऊनं बोचक्याची गाठ पुन्हा मारली, बोचकं आपेकुआपुढं सरकवलं आणि नोएलाला म्हणाला, "ते बकरं इकडं कर. थंड झालं सगळं बोलण्यात."

दुसऱ्या दिवशी सकाळी डोंगरावर ढग होताच. आपेकुआ खोबरं पालथं करत होती, तेवढ्यात हेइता आला. हातात दोन पटाश्या, फडक्यात गुंडाळलेल्या. उभा राहिला, घोड्याची चौकशी केली, पावसाची केली.

"अक्का," तो शेवटी म्हणाला, "ग्राइंडरनं निळ्या पडल्यात. तू पाहुआकाकांच्या पटाश्यांना लावायचीस तशी धार लावून देशील?"

आपेकुआनं पाती नखावर टेकवून बघितली. तिचा हात आपसूकच पुढं झाला होता. चाळीस वर्षांची सवय. मग तिनं पटाश्या त्याच्या हातात परत ठेवल्या.

"दगड तिथं आहे. पाणी घाल आणि बस. पातं निजवून धर, उभं नाही. आवाज बदलला की हाक मार."

"मी लावू?"

"मग कोण? मी आता धार लावत नाही दुसऱ्याची. सांगते तेवढं कर."

हेइता बसला. दगडावर पातं घासायचा आवाज सुरू झाला, आधी खरखरीत, मग जरा कमी खरखरीत.

"उभं धरतोयस," आपेकुआ मागं न बघता म्हणाली, आणि पत्र्यावर पहिला थेंब वाजला तशी छप्पर खोबऱ्यावर ओढून घ्यायला लागली.